तलफेचा हुकूम न मानणारी छायाताई

अकोल्याहून फोन आला तेव्हा शाळेत प्रार्थना नुकतीच आटोपली होती आणि मी हजेरी घ्यायला वर्गाकडे निघाले होते. फोनवर छायाताईच्या शेजारच्या बाई होत्या. त्यांना धड बोलताही येत नव्हतं. सकाळी ताईची आंघोळ झाली, खाकी कपडे घालून झाले, बूट चढवायला म्हणून ती खुर्चीवर बसली, आणि बसली ती बसलीच... दार उघडं होतं म्हणून शेजारणीच्या लक्षात आलं. डॉक्टर आले, हृदयविकाराचा झटका म्हणाले. तिच्या निवृत्तीला काही महिनेच उरले होते. मी आणि माझा नवरा लगेच अमरावतीहून निघालो.

छायाताई माझी नणंद, माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. अकोल्याला एसटीत कंडक्टर. तोंडावर मी तिला सदैव अहो-जाहो करत आले. लिहिताना मात्र 'ती'च येतं, आणि तिला ते चाललं असतं. त्या दिवशी सगळं आटोपून आम्ही घरी परतलो, बायका ओसरीत टेकल्या, आणि आमच्या चुलतसासूबाई, ज्यांना सगळे काकू म्हणतात, त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बिचारीनं गोड सोडलं, खर्रा सोडला, रोज उठून योगा केला. मनाले मारून मारून जगली. अन् शेवटी काय भेटलं? त्यापेक्षा खाऊन-पिऊन गेली असती." बायकांनी माना हलवल्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काकू, तिनं मन मारलं नाही." "मंग काय केलं?" काकूंनी विचारलं. त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती, खरंच कळत नव्हतं त्यांना. आणि एका वाक्यात सांगता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याला आता दीड महिना होत आला. हे लिहिते आहे ते काकूंसाठी, आणि तेव्हा माना हलवणाऱ्या सगळ्यांसाठी.

माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा छायाताई पहिल्यांदा दिसली ती मांडवात हातात जिलेबीचं ताट घेऊन. अंगानं भरलेली, आवाज असा की मांडवाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस वळून बघेल. "मंदा, लाजू नोको, या घरात लाजणारा उपाशी राह्यते," असं म्हणून तिनं माझ्या तोंडात जिलेबी कोंबली. मोर्शीकडचं हे माळ्याचं घर, संत्र्याची बाग, माणसं कष्टाळू आणि बोलायला रोखठोक. त्यांच्यातही छायाताई एक पायरी वरचढ. तिचं लग्न मोडलेलं होतं, ते मला आधीच सांगण्यात आलं होतं. अकोटकडच्या एका गावात तिला दिली होती. काळी कसदार जमीन, कापसाच्या गाड्या जिनिंगला जायच्या, असं खातं-पितं घर. वर्षभरात ती एका सकाळी एक पिशवी घेऊन एसटीनं माहेरी परतली आणि वडिलांना म्हणाली, "मी आता तिकडं जात नाही. ठेवाचं असन तर ठेवा, नाई तर सांगा." वडिलांनी ठेवलं. काहून आलीस, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. पुढे कंडक्टरची भरती निघाली, ही गेली, निवडली गेली, आणि अकोला-अकोट रस्त्यावर तिचं आयुष्य सुरू झालं.

त्या रस्त्यानं तिला पोसलं आणि तिची सवयही पोसली. प्रत्येक थांब्यावर काही ना काही तळलेलं असतंच. इथे आलूबोंडा, तिथे कचोरी, अकोटला उतरलं की गरम जिलेबी. ती उभ्यानं खायची, भरभर, पाठ फिरवून. घरी आमच्यासोबत जेवायला बसली की अर्धी भाकरी खाऊन उठायची, आणि नंतर स्वयंपाकघरातून डब्यांचा आवाज यायचा. मी आत गेले की हात मागे जायचा. मला वाटे, एकटं राहून लागलेली सवय असेल. वर खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून केलेला हा खर्रा आमच्याकडे चहासारखा चालतो. बाईनं खाल्ला तर चार लोक बघतात, एवढंच. ती बघणाऱ्यांकडे उलटं बघायची. पण हळूहळू तिला तिखट लागेना झालं. तोंड पूर्ण उघडेना. पाणीपुरी खायची तर ती चिमटीनं फोडून खायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, खर्रा असाच चालू राहिला तर पुढे काय होईल ते मी सांगायची गरज नाही. साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, गुडघे कुरकुरत होते. आम्ही सगळ्यांनी तिला सांगून पाहिलं. जितकं सांगावं तितकी ती हट्टानं खायची. "मले कोणी सांगाचं नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य.

आणि मग एका दुपारी तिचा फोन आला. आवाज ओळखू येईना इतका खाली. अकोटहून परत येताना मधल्या एका थांब्यावर खर्र्याची पुडी संपल्याचं तिच्या लक्षात आलं. ड्रायव्हर देवीदासभाऊंना 'आलीच' म्हणून ती उतरली. जवळची टपरी बंद. पुढची बंद. तिसरी गावाच्या आत. ती चालत गेली, मग पळत गेली. परत आली तर भर उन्हात गाडी खचाखच भरलेली, आणि एक बाई तापानं फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन वारा घालत बसलेली. त्या बाईनं फक्त वर बघितलं. भांडली असती तर ताईनं तिला दोन शब्द सुनावले असते. पण ती बोललीच नाही.

"मंदा," ताई फोनवर म्हणाली, "मी नवऱ्याचं ऐकलं नाही, सासूचं ऐकलं नाही, साहेबाचं कधी मुकाट्यानं ऐकलं नाही. अन् आज मी पळून राहिली होती... कोणाच्या हुकमावर? ह्या एवढ्याशा पुडीच्या! मले लय राग आला व."

राग आला होता, हे महत्त्वाचं. भीती नाही, पश्चात्ताप नाही. डॉक्टरांच्या भीतीनं जे झालं नव्हतं ते या रागानं सुरू झालं.

दुसऱ्याच आठवड्यात सुटी काढून ती अमरावतीला आली. राजापेठेजवळ एक वैद्यबाई आहेत, माझी पाठदुखी त्यांनीच आटोक्यात आणली होती. मी तिला तिथे नेलं. वैद्यबाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि मग वजन-साखर यांतलं काही न विचारता म्हणाल्या, "भूक कधी लागते तुम्हाला?"

"सदाच," ताई म्हणाली.

"पोटाला की तोंडाला?"

ताई विचारात पडली. "पोटाले कधी लागते ते आता समजतच नाही बाप्पा."

"बरं, कोणासमोर बसून पोटभर असं शेवटचं कधी जेवलात?"

यावर ताईनं जे सांगितलं ते मी, तिची भावजय, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. सासरी धान्य-गुळाच्या कपाटाला कुलूप असायचं, किल्ली सासूच्या कमरेला. सुनेला सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते. काही दिवस काहीच उरत नसे. मग ती गोठ्यामागे उभी राहून मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, जे हाती लागेल ते घाईघाईनं तोंडात टाकायची, पायांचा आवाज आला की न चावताच गिळायची. "घर सोडलं, पण थे सासू काही मानेवरून उतरली नाही," ती म्हणाली. "अजून कोणी पाह्यलं का घास अडकते." आणि ही एवढी दांडगी बाई तोंडावर हात ठेवून रडली...

वैद्यबाईंनी तिला रडू दिलं. मग सांगितलं ते फार साधं होतं. जेवायच्या वेळा बांधायच्या. ताजं, गरम, बसून खायचं, आणि लपून काहीही खायचं नाही. जे खायचं ते चारचौघांत. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, भाजी, दुपारी जिरं घातलेलं ताक. पोटभर जेवायचं, उपास बंद, कारण उपाशी राहिलेलं पोट संध्याकाळी वसुली करतं. साखरेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत. तोंडाचं दातांच्या डॉक्टरांकडे नियमित दाखवायचं. आणि खर्रा एकदम तोडायचा नाही. आयुर्वेदात जुनी सवय पाव-पाव करून सोडवतात, त्यांनी समजावलं. पाव हिस्सा वाईट काढायचा, त्या जागी पाव हिस्सा चांगलं भरायचं, ते अंगवळणी पडलं की पुढचा पाव. खर्र्याच्या जागी सैंधव लावून वाळवलेला आवळा आणि बडीशेप.

"एवढंच?" ताई म्हणाली. "मले वाटलं काही काढा देता."

"काढा सोपा असतो हो," वैद्यबाई हसल्या. "गिळला की झालं."

पाव-पाव वगैरे तिला पटलंच नाही. माणूस रागावलेला असला की त्याला एका घावात दोन तुकडे हवे असतात. अकोल्याला गेल्या-गेल्या तिनं सगळ्या पुड्या नालीत फेकल्या. पुढचे काही दिवस तिच्या गाडीतल्या पाशिंजरांनी काय भोगलं ते देवीदासभाऊ पुढे हात जोडून सांगायचे. डोकं ठणकतंय, सुट्या पैशांवरून म्हाताऱ्या माणसाशी भांडण. आणि एका सकाळी ती स्वतःच टपरीवर उभी. फोन करून म्हणाली, "हरली मी." मी काही म्हणायच्या आत तीच पुढे म्हणाली, "आज हरली. तुझ्या वैद्यबाईले सांग, पावानं चालू करतो. पण त्या तलफेले मी काही सोडत नाही."

तिथून खरी झुंज सुरू झाली, आणि ती दिसायला अजिबात झुंजीसारखी नव्हती. पहाटे उठून कोमट पाणी. गुडघ्यांमुळे मांडी घालता येईना, म्हणून वैद्यबाईंनी खुर्चीवर बसून करायचे प्रकार शिकवले होते. खांदे, मान, पाठ मोकळी करायची, मग सावकाश श्वास, सोडताना जास्त सावकाश. भ्रामरी, म्हणजे ओठ मिटून भुंग्यासारखा आवाज. आणि शीतली: जिभेची नळी करून तोंडावाटे थंड हवा आत ओढायची. तलफ आली की ही शीतली, असं सांगितलेलं. तलफ काही घर बघून येत नाही. ती अकोट स्टँडवर यायची, भरलेल्या गाडीत यायची. सुरुवातीला आखडलेल्या तोंडातून जीभ धड बाहेरही निघेना. तरी गाडीच्या दारात उभी राहून, खाकीतली ही भारदस्त कंडक्टरबाई जिभेची नळी करून सूं सूं हवा ओढतेय, म्हटल्यावर कॉलेजची पोरं हसून लोळायची. एकानं मोबाइल काढला तर म्हणाली, "नीट काढ बापा फोटो, जीभ पूर्ण आली पाह्यजे."

देवीदासभाऊ माणूस चांगला, पण खर्र्यावर त्यांची श्रद्धा. ते मुद्दाम तिच्यासमोर कागदात घोटत बसायचे. "घे व छाया, एवढासा. एवढ्याशानं काय होते?" एकदा मी गाडीत असताना हे झालं. मी अकोटला एका कार्यक्रमाला चालले होते. ताईच्या कपाळावर घाम आला, तो मला दिसला. ती दाराच्या दांडीला धरून उभी राहिली, डोळे मिटले, श्वास घेत राहिली, सोडत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तलफ म्हणजे बिनतिकिटाचा पाशिंजर असते, मंदा. दारात उभा राहून ओरडते का गाडी थांबवा, गाडी थांबवा. आपण त्याच्याशी भांडाचं नाही, त्याच्यासाठी गाडीही थांबवाची नाही. दोन बेल माराच्या, बस. पुढं उतरून जाते थो." आणि खरोखरच तिनं गाडी सोडायच्या दोन बेल दिल्या. देवीदासभाऊंनी खर्रा काही सोडला नाही, आजही खातात. पण त्या दिवसानंतर तिच्यासमोर त्यांनी कागद काढला नाही.

खर्रा सुटायला वर्ष गेलं असेल. गोडाचं मात्र अवघड होतं, कारण गोड जगभर पसरलेलं. माझ्या मुलीच्या लग्नात ते दिसलं. ताईनं तिला अंगाखांद्यावर वाढवलेली, पाठवणीच्या विचारानं ताई दोन दिवस बेचैन होती. हळदीच्या दुपारी काकू काही काढायला कोठीच्या खोलीत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "हे पाहा व, हे पाहा! योगावाली बुंदीच्या लाडवाचं टोपलं खाली करून राहिली!" बायका धावल्या. मीही गेले. ताई टोपल्याजवळ उभी, दोन्ही हात तुपानं माखलेले, हनुवटीवर बुंदी. हसणं सुरू झालं. मला वाटलं, आता ही कोसळते, नाहीतर काकूंवर तुटून पडते. तिनं दोन्हींतलं काही केलं नाही. पदराला हात पुसले आणि म्हणाली, "हो. खाल्ले. भूक नोती तरी खाल्ले. लाडू खाल्ले त्याचं काही नाही, लपून खाल्ले हे वाईट झालं." मग एक ताटली घेतली, तिच्यात एक लाडू ठेवला, मांडवात सगळ्या बायकांच्या मधोमध जाऊन बसली आणि तो लाडू हळूहळू, चवीनं, कण न् कण चावून खाल्ला. काकूंकडे बघून म्हणाली, "आता पाहा. आता पाह्यलं तरी घास अडकत नाही." हसणं कधी थांबलं कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी लग्नघराच्या त्या गोंधळात, आचारी चूल पेटवत असताना, ती अंगणात खुर्ची टाकून श्वास घेत बसलेली होती.

काकू, तुम्ही होता तिथे. तुम्ही पाहिलंत. मन मारलेली बाई अशी लाडू खाते का?

ती संत झाली नाही. पुढेही कधी कधी तिचा तोल जायचा, कधी स्टँडवर कचोरी खाल्ल्याचा फोन यायचा. पण फोन यायचा, लपवणं संपलं होतं. साखर आटोक्यात आली, डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या, बंद नाही केल्या. तोंड व्यायामानं बरंचसं उघडलं, पूर्ण नाही. हृदय आतून थकलं होतं ते मात्र आम्हा कोणालाच कळलं नाही. जुन्या वर्षांचं देणं ते, की आमच्या घराण्याचंच, तिचे वडीलही असेच गेले, मला माहीत नाही. पण आयुर्वेद आणि योगानं माणूस अमर होतो असं तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनं ते मागितलंही नव्हतं. मागच्या दिवाळीत संत्री सोलत आम्ही बसलो होतो. मी सहज म्हटलं, "ताई, आता तुमी खूप जगसान." ती म्हणाली, "जगाचं माहीत नाही व. मराले कोण घाबरते? पण मरतानी मी माह्या मालकीची पाह्यजे." एक फोड तोंडात टाकली आणि पुढची सोलायला घेतली...

खाकी कपडे घालून, आवळ्याची डबी खिशात ठेवून, कामाला निघालेली असताना ती गेली. कोणाच्या मालकीची होती ती त्या वेळी, ते मी वेगळं सांगायला नको.

तेरावं झाल्यावर आम्ही दोघं तिचं सामान आणायला अकोला स्टँडवर गेलो. महिला कंडक्टरांची विश्रांतीची एक खोली आहे तिथे, लांबट, एका खिडकीची. शेवटची काही वर्षं ताई ड्युटीच्या आधी तिथे चार-दोन बायकांना घेऊन श्वासाचे प्रकार करायला बसायची हे मला ऐकून माहीत होतं. कोणाची मिश्री सुटत नव्हती, कोणाचा दिवसभराचा चहा, एकीला रिकाम्या वेळी मोबाइल हातातून खाली ठेवता येत नव्हता. कपाटातलं तिचं सामान थोडंच निघालं: स्वेटर, डबा, छत्री. खिडकीखाली एक सतरंजी गुंडाळून ठेवलेली होती, निळ्या-लाल पट्ट्यांची, एका काठाला दोऱ्यानं शिवलेली. टाके बघूनच कळलं, ताईचे; ती इतके मोठेच टाके घालायची. मी ती छातीशी धरली. घरी न्यायची, देवघराच्या खोलीत ठेवायची, असं मनात आलं.

"मॅडम, हे नेऊ नोका," मागून आवाज आला. वैशाली नावाची एक कंडक्टर, तिशीतली, तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलेली. "बाकी सगळं न्या. हे इथं लागते."

"आठवण म्हणून नेत होते," मी म्हटलं.

"आठवण आमालेही येते," ती म्हणाली. रडवेली नव्हती, उलट जरा रागातच होती. "पण ताई गेली म्हणून माही तलफ गेली का? थे सकाळपासून येऊन उभी हाये."

मी सतरंजी तिच्या हातात दिली. तिनं ती झटकली, खिडकीखाली पसरली, मशीन काढून बाजूला ठेवलं आणि बसली. बाकीच्याही बूट काढून बसल्या. बाहेर गाड्यांच्या घोषणा चालल्या होत्या, दारातून डिझेलचा वास येत होता. एकीनं थोडं सरकून माझ्यासाठी काठावर जागा केली. मी चपला काढल्या आणि बसले.